गाव खुडूक बसलं तेव्हा

परवा वेठीवरचं पत्रक लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत हंसीण आली. खोडली. दुसऱ्या ओळीत परत आली. पत्रकात हंसिणीला जागा नसते. तिथं जुलूम लागतो, रयत लागते, शेवटी 'उठा, जागे व्हा' लागतं. सरहद्दीपलीकडच्या आमच्या कॅम्पातले सोबती म्हणाले, "लेका, लोकांना पेटवायचंय, पाखरं कसली पाळतोस?" पत्रक त्यांना हवं तसं लिहून दिलं. छापूनही झालं. पण हंसीण काही डोक्यातून उठेना, म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहितोय.

माझं गाव गोदावरीच्या काठी, नांदेडहून धर्माबादकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही. घरची माणसं अजून तिथंच आहेत आणि माझ्या नावाचं वॉरंटही तिथंच आहे. आमचं घर गावाच्या कडेला, विहिरीला लागून. मागं केळी, पुढं गोठा, आणि त्यापुढं नदीकडं उतरणारी पांदण. केळीत साप लई. एका पावसाळ्यात आमचं वासरू गोठ्यातच निळं पडलं, तेव्हापासून मायनं हंसाचा ध्यास घेतला. हंस असले की साप दारात येत नाही, असं तिनं ऐकलं होतं.

हंस म्हणजे बदक नव्हे. बदकाहून दुप्पट मोठा, लांब मानेचा, पांढरा, आणि भुंकण्यात कुत्र्याला हार न जाणारा. मी नांदेडला शाळेत होतो. शाळेच्या वाटेवर एका बड्या अंमलदाराचा बंगला होता. हिरवळीवर तिथं चार-सहा हंस फिरायचे, आणि आम्ही पोरं कुंपणाला नाक लावून उभी राहायचो. बा एकदा मला भेटायला आला, तेव्हा धीर करून तिथल्या माळ्याला म्हणाला, "दोन अंडी द्या की, घरी कोंबडीखाली बसवतो." माळी हसला. म्हणाला, "ये हुकूमत का परिंदा है, पटेल. कुनबी के घर में नै टिकता."

बानं घरी येऊन हे सांगितलं आणि तिथंच चुकला. माय भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "कामून? कुनब्याच्या घरी पानी न्हाई का गवत न्हाई?"

बस. त्या दिवसापासून वासरू मागं पडलं. कुणब्याच्या दारात हंसाची पिल्लं निघालीच पाहिजेत, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं.

माझा मामा लातूरला एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. तिथं आवारात रात्रीच्या राखणीला कुत्र्यांऐवजी हंस ठेवलेले होते. मायनं त्याला सांगावा धाडला, आणि मामा दिवाळीला आला तो दोन टोपल्या घेऊन. "आक्का, जोडा आणलाय," म्हणाला. "ही मोठी हंसीण, हा बारका हंस."

सगळं गाव बघायला आलं. मायनं दोघांना ओवाळलं. कुंकू कुठं लावावं हे कळेना, तेव्हा चोचीवर लावलं. थंडी पडल्यावर मोठीनं गोठ्याच्या कोपऱ्यात, मोडक्या पाटीतल्या कडब्यावर अंडी घातली, छातीची लव उपटून त्यावर पसरली आणि बसली. आणि काय सांगू, तो बारका हंसही तिच्याशेजारी बसला! ती उठली की हा अंड्यांवर सरकायचा. मायला तर आभाळ ठेंगणं झालं. बा बाजाराला निघाला की ती मुद्दाम शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची, "बघून घ्या जरा, नवरा कसा असतो ते. बायको बसून राहिली तर मुकाट शेजारी बसतोय. बिडी प्यायला पारावर जात न्हाई."

गावातल्या बायकांनी हा हंस आपापल्या घरी वापरला. कितीतरी नवऱ्यांना त्या महिन्यात हंसावरून बोलणी बसली. चुलता तर म्हणाला, "वहिनी, ते पाखरू तेवढं मरू द्या, लई उपकार होतील."

पिल्लू एकही निघालं नाही. महिना सरला, वर आणखी दिवस गेले, शेवटी मायनं एक अंडं फोडलं. नुसतं पाणी, आणि वास असा की बैल दाव्याला हिसके देऊ लागले. संक्रांतीला मामा आला, पाटीत डोकावला, अंडी मोजली आणि डोक्याला हात लावून खाली बसला. एका हंसिणीची इतकी अंडी होत नाहीत. अंडी दोघींची होती.

माय त्याला म्हणाली, "भाऊ, तू नवरा-बायको न्हाई आणलेस. जावा-जावा आणल्यास."

त्यानंतर बानं किती दिवस सूड उगवला! "कागं, तुझा तो गुणी नवरा अंडी घालून राहिला म्हनं?" हे वाक्य तो जेवताना, वैरण टाकताना, झोपायच्या आधी, कधीही म्हणायचा आणि एकटाच हसायचा. मायही हसायची, पण तोंड फिरवून. आता कॅम्पातल्या पत्र्याखाली पडलो की मला ते हसू ऐकू येतं. निजामाच्या राज्यात आम्ही फक्त रडत होतो, असं मी पत्रकांतून लिहीत आलोय. ते खरं नाही. लई हसायचो.

मामानं बारकी परत नेली आणि तिच्या बदली खरोखरचा हंस आणला. हा बघताच कळायचा. मान उभी, चाल पाटलासारखी, आणि अंगावर धावून जाण्यात जात-पात काही पाहायचा नाही. पण त्या वर्षी हंसीण उशिरा, चैत्रात बसली, आणि मराठवाड्याच्या उन्हानं तिच्याआधी अंडी शिजवून टाकली. गावात बोलणं सुरू झालं, "माळी खोटं न्हाई बोलला. ते साहेबाच्या बागेतलं पाखरू. आपल्या मातीत फळत न्हाई." माय ऐकून घ्यायची. उत्तर द्यायची नाही, आणि माय उत्तर देत नाही म्हणजे काय, हे आम्हाला घरात माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी हंसीण वेळेवर बसली. माघ होता. मी शाळेच्या सुट्टीत घरी होतो, नंतर शाळेनंच मला कायमची सुट्टी दिली, ते कारण वेगळं. त्यामुळं तो सगळा महिना मी पाहिला.

मायनं पाटीत कडब्याखाली ओली माती घातली होती. आभाळ गडगडलं तर अंडी बिघडतात म्हणून एक खिळा, एक कोळसा आणि एक लाल मिरची कडेला खोचून ठेवली. हंसीण दिवसातून एकदा उठायची. उठण्याआधी लव ओढून अंडी झाकायची, मग विहिरीच्या दगडी डोणीत अंग घोळायची, चार तोंडं गवत खायची आणि तशीच निथळत परत अंड्यांवर. बा कळवळायचा, "अगं, गारठतील ना! पूस तिला." माय म्हणायची, "तिला कळतंय. ओलीच बसू दे. जाड कवच हाय, वाळलं तर पिल्लाला फोडता येत न्हाई." हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. बहुतेक दोन वर्षं हरल्यावर तिनं स्वतःच बसून काढलं असावं.

हंसीण डोणीवर गेली की आम्ही अंडी तपासायचो. माळवदाच्या झरोक्यातून दुपारी घरात एक कवडसा पडायचा. दार लावून घेतलं की आत मिट्ट काळोख आणि मधोमध तो उन्हाचा दांडा. अंडं दोन्ही हातांत धरून त्या उन्हात न्यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जाळीच दिसली, तांबड्या शिरांची, आणि मधे एक ठिपका, हलणारा. मी ओरडणार तोच मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात पिठाचा होता. "बोलू नको," म्हणाली, "नजर लागती." आणि स्वतःच कितीतरी वेळ बघत राहिली.

रिकामी निघालेली अंडी तिनं बाजूला काढली. उरली सात. सातांत जीव होता.

त्याच दिवसांत आमची एक कोंबडी खुडूक झाली होती. पिसं फुगवून खुड् खुड् करत कोपऱ्यात बसायची. खुडूक मोडायची असली की कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात, मग ती पुन्हा अंडी द्यायला लागते. बा पीस घेऊन निघालाच होता. माय म्हणाली, "राहू द्या. एवढी बसू म्हनती तर बसू द्या तिला." आणि तिच्याखाली चार कोंबडीचीच अंडी सरकवून दिली.

आणि मग गावात दवंडी पिटली, साहेबाचा दौरा येतोय.

दौरा म्हणजे काय, हे आजपासून वीस वर्षांनी कुणाला सांगावं लागू नये, एवढ्याचसाठी आम्ही हे सगळं करतोय. साहेब गावाबाहेर आमराईत डेरा टाकायचा. त्याच्या रसदीला गावानं सरपण द्यायचं, दूध द्यायचं, तूप, खाटा, कोंबड्या, अंडी, सगळं द्यायचं. कागदावर म्हणे त्याचे दाम मिळतात. दाम मी कधी पाहिला नाही. मी बाच्या पाठीवर वाहून नेलेल्या खाटा पाहिल्यात, आणि त्या परत आणायलाही आम्हीच गेल्याचं पाहिलंय. दौरा उठला की गावात कोंबडा आरवायला उरायचा नाही. पहाट झाली हे कळायचं नाही, एवढं सामसूम.

दवंडी ऐकून माय धुणं घेऊन नदीवर गेली. धुणं नव्हतंच फारसं. नदीवर गावच्या बायका असायच्या, म्हणून गेली. मी घागरी आणायला मागं होतो.

ती म्हणाली, "माझी हंसीण अंड्यावर हाय. चारसा दिसांत पिल्लं बोलतील. तिला हात लागता कामा नये."

एकजण म्हणाली, "तू लपव की."

"कुठं लपवू? हंस बोंबलतोय की वेशीपासनं ऐकू येतंय."

मग कुणीतरी म्हणालं, बसलेल्या कोंबडीला कुणी हात लावत नाही. हे खरं होतं. आमच्या भागात हा नेमच आहे. खुडूक बसलेली उचलली तर आईसकट पिल्लांचं पाप लागतं. चोरसुद्धा कोंबडीवर झाकलेलं टोपलं, डालगं, उचलून पाहतो, खाली बसती असली की तसंच ठेवतो. मागच्या दौऱ्यातही शिपायांनी बसत्या कोंबड्या सोडल्या होत्या.

तेव्हा माझी चुलती कपडा आपटता आपटता थांबली. ही चुलती म्हणजे बोलायला दांडगी आणि करायला त्याहून. म्हणाली, "आक्का, मग बसवू की समद्याच."

"काय बसवू?"

"कोंबड्या गं! घरोघरच्या. डालगी पालथी घाला, खाली अंडी सरकवा. शिपाई आला की म्हनायचं, खुडूक हाय. साऱ्या गावाची खुडूक हाय!"

बायका एवढ्या हसल्या की पलीकडच्या काठावरचा म्हशींवाला उठून उभा राहिला. पण हसून झाल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. मी मधे पडलो. म्हणालो, असं खोटं करण्यापेक्षा सरळ उभं राहून सांगावं, रसद देणार नाही, कायद्यानं दाम ठेवा. माझ्या खिशात तेव्हा सोलापूरकडून चोरून आलेलं एक पत्रक होतं आणि डोक्यातही तेच होतं. माय म्हणाली, "तुझं भाषान नांदेडला ठेव. घागर उचल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात फिरलो तर घरोघर अंगणात पालथी डालगी. कुठं टोपलं, कुठं फुटकी कणगी, एकीकडं तर चक्क मूल निजवायची झोळी. खाली कोंबड्या. अंधार झाला की कोंबडी गप्प बसते. आणि खाली उबेला अंडी असली की एखादी खरीच रुतून बसते, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

शिपाई आला. लाल पट्टा, हातात दोरीचे तुकडे. मागून पाटील, चेहरा मेल्यासारखा. पहिल्या घरी म्हातारी म्हणाली, "खुडूक हाय, बाबा." शिपायानं डालग्याला कान लावला आणि पुढं गेला. दुसऱ्या घरी, "खुडूक हाय." तिसऱ्या घरी, "आमची बी खुडूकच, काय करावं!" चौथ्या घरी त्यानं दोरी खांद्यावर टाकली आणि पाटलाकडं वळला.

"क्या पटेल? सारे गाँव की मुर्ग्याँ एकदम बैठ गईं?"

पाटील म्हणाला, "थंडीचे दिवस हैत, जमादार."

हे उत्तर चाललं असतं. देवाशपथ चाललं असतं. शिपाई जांभई देऊन चुलतीच्या अंगणात आला. चुलती डालग्याला टेकून बसली होती, हात जोडून, देवळात बसल्यासारखी.

"खुडूक हाय, दादा. लई दिसांची. उठंना झाली."

आणि डालग्याखालून खुडूक कोंबडी आरवली.

नुसती आरवली नाही. मानेतून ताणून, सकाळ राहून गेली होती ती पुरी करत, दोनदा आरवली. चुलतीनं कोंबडाच डालला होता. पुढं तिला विचारलं तेव्हा ती उलट चिडली, "मग काय करू? तो बी वाचवायचा होता न्हवं मला!"

पाटलालासुद्धा हसू आवरलं नाही. शिपायाला आवरलं. त्यानं लाथेनं डालगं उडवलं, आणि मग तो आला तसा मागं फिरून एकेक घर पालथं घालत गेला. उचललं डालगं की कोंबडी फडफडत पळाली, धरली. पाय बांधले, उलटी टांगली. पण एखादीच्या अंगावरून डालगं निघालं तरी ती हलायची नाही, पिसं फुगवून चोच मारायची. ती मात्र त्यानं सोडली. एवढा संतापला होता, तरी सोडली. ती नेमातली होती.

मग तो आमच्याकडं आला.

हंस गोठ्याच्या तोंडाशी मान जमिनीसरशी घालून फुत्कारत उभा होता. शिपाई जवळ येताच त्यानं पट्टा धरला आणि पंखांनी मांड्या अशा फोडल्या की शिपाई वैरणीवर जाऊन बसला. चुलता हसू-रडूच्या मधे कुठंतरी अडकला. उठून शिपायानं काठी घेतली, हंसाला कोपऱ्यात रेटलं आणि पाटीकडं बोट केलं.

"ये भी झूटी?"

माय म्हणाली, "हात घालून बघा. अंडी गार लागली तर घेऊन जा."

त्यानं हात घातला. हंसिणीनं त्याचं मनगट पिळून काढलं, पण त्यानं हात काढला नाही. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याला ऊब कळली होती. म्हणाला, "सच्ची है."

माय म्हणाली, "मग?"

"मग काय, अम्मा? वो कायदा मुर्गी का है. बदक का कोई कायदा नै. साहब को बदक पसंद है."

मी पुढं झालो. शाळेत घोकून घेतलेल्या उर्दूत सुरुवात केली, हुकूमत, इन्साफ, रियाया, सगळे शब्द बरोबर आले. तो माझ्याकडं बघतही नव्हता. त्यानं हंसिणीचे पंख पाठीवर एकत्र धरले आणि उचललं. तिच्या पोटाखाली उघडं, लालसर कातडं होतं, लव उपटून उपटून अंड्यांवर घातलेली. पायांना चिकटून कडबा वर आला आणि गळून पडला. माळ्याचं बोलणं खरं ठरलं, असं माझ्या मनात आलं. ते टिकत नाही, कारण हे टिकू देत नाहीत. हे वाक्य मी पुढं किती पत्रकांत, किती तऱ्हांनी लिहिलं! ते त्या गोठ्यातलं आहे.

शिपाई पांदणीनं गेला. हंस मागं धावला, वेशीपर्यंत गेला आणि ओरडत उभा राहिला.

माय रडली नाही. गुडघ्यावर बसून तिनं लवेखाली हात घातला. "ऊन हैत," म्हणाली. गोधडी आणून पाटीवर टाकली आणि तिथंच हात ठेवून बसली. मी, बा, चुलता, सगळे उभे.

अशात चुलती आली. डोळे सुजलेले, कोंबड्याच्या पायी सगळ्या गावाचा घात झाला म्हणून तोंड लपवत. पदराखाली काहीतरी होतं. तिची एक कोंबडी, शिपायानं सोडलेली. "आक्का," ती म्हणाली, "ही उठंना. खरंच उठंना. डालगं काढलं तर मलाच चोचलं तिनं."

मायनं त्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. मग एकदम उभी राहिली.

"किती सोडल्या त्यानं?"

मग आमच्या ध्यानात आलं. शिपायानं सगळं गाव धुंडाळून, लाथा मारून, एकेक डालगं उचलून खोट्या खुडूक नेल्या होत्या. राहिल्या होत्या त्या खऱ्या. मायला आयुष्यात इतकी नीट निवड करता आली नसती. आमची कोपऱ्यातली होतीच, चुलतीची होती, म्हातारीची एक, पाटलाच्या घरची एक.

हंसाचं अंडं कोंबडीच्या मूठभर अंगाखाली एक मावतं, फार तर दोन. सात अंडी चार घरांत गेली. माय पदरात धरून चालली होती, पोटुशी बाई चालते तशी, हळू, पाय चाचपत. आम्ही पुढं होऊन वाटेतली कुत्री हाकलत होतो. कोंबड्यांची आधीची अंडी निघाली, त्यांचं त्या दिवशी गावात कालवण झालं. साहेबाच्या आमराईत नाही, आमच्या घरोघर. रडायचा दिवस होता आणि भाकरी जास्त गेल्या.

हंसीण परत आली नाही. दौरा उठल्यावर खाटा आणायला गेलो तेव्हा आमराईत चुलीजवळ पांढरी पिसं होती. बानं ती पायानं मातीत लोटली. मायला आम्ही काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

तिला वेळही नव्हता. कोंबडी डोणीत अंग भिजवत नाही, आणि एवढं जड अंडं तिला फिरवताही येत नाही. म्हणून माय सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची वाटी घेऊन चारी घरं फिरायची. बोटं भिजवून अंड्यांवर फिरवायची, अंडी उलटायची, कानाशी धरायची. बायका म्हणायच्या, "आली गं सुईण!" पाटलीण आमच्या घरी कधी येत नसे, मायही तिच्या घरी नसे. आता तिच्या ओसरीवर माय उकिडवी बसून कान लावायची आणि पाटलीण दिवा धरल्यासारखी वाटी धरून उभी असायची.

पहिलं पिल्लू म्हातारीकडं बोललं. अंड्यातूनच. चोच दिसायच्या आधी आवाज आला, बारीक, ओल्या लाकडासारखा. म्हातारी आमच्या दारात येऊन नुसता हात हलवू लागली. सातांतली पाच निघाली. पिवळी-करडी, ओली, आणि कोंबडीच्या पिल्लांपुढं अगदी रेड्यासारखी. कोंबड्यांनी एक डोळा लावून पाहिलं, दुसरा लावून पाहिलं आणि पोटाखाली घेतली.

हंसाचं काय, तर तो तोवर वेशीत उभा राहून गळा सुकेस्तोवर ओरडत होता. खातही नव्हता. पिल्लांचे आवाज सुरू झाले तसा तो एकेका घरासमोर थांबू लागला. मान वाकडी करून ऐकायचा. पुढं पुढं चारी घरांची राखण त्यानं आपल्या अंगावर घेतली. पाटलाच्या घरी वसुलीचा माणूस आला की ओसरीवर चढायची सोय नव्हती.

मग भांडण लागलं, अगदी गोडीचं. आमच्याकडं अंडी एकाची आणि खुडूक दुसऱ्याची असली की पिल्लं निम्मी-निम्मी, हा वाट्याचा रिवाज. पण म्हातारीकडं पिल्लू एकच. पाटलिणीकडंही एकच. एका पिल्लाचा निम्मा वाटा कसा करायचा? बायका आमच्या अंगणात बसल्या.

चुलती म्हणाली, "म्हातारे, मान आक्काची, पाय तुझे."

म्हातारी म्हणाली, "आन् मधलं काय साहेबाला द्यायचं?"

कुणी हसेना. मग सगळ्याच हसल्या.

मायनं निवाडा केला. "रातीला ज्याच्या कोंबडीचं त्याच्या घरी. दिवसा हंसामागं. हंस माझा हाय, म्हंजे दिवस माझा." पाटलीण म्हणाली, "बरोबर हाय," आणि चहा मागितला.

त्यानंतरची ती सकाळ मी कॅम्पात किती वेळा आठवली असंल. हंस पुढं, त्याच्यामागं चार घरांतून निघून आलेली पिल्लं एका ओळीत, पांदणीनं खाली. त्यांच्यामागं चार कोंबड्या, आणि कोंबड्यांमागं चार घरच्या बायका. हंस पाण्यात उतरला. पिल्लं उतरली. कोंबड्या काठावर वेड्या झाल्या. पंख पसरून ओरडत, पाण्यात पाय घालून मागं पळत. म्हातारी आपल्या कोंबडीला म्हणत होती, "गप गं, गप. त्येंचं तेच हाय." माय गुडघाभर पाण्यात उभी होती, लुगडं भिजलेलं, आणि नांदेडच्या दिशेला तोंड करून, त्या माळ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "टिकलं का रं?"

पुढच्या दौऱ्याला गावानं रसद दिली नाही. चार घरांनी नाही म्हटलं आणि बाकीची त्यांच्यामागं उभी राहिली. पत्रक वाचून नाही. गावात तोवर पत्रक वाचलेला मी एकटाच होतो. त्याचे परिणाम झाले, मी इथं आहे, बा दोनदा आत जाऊन आला, ते सगळं पत्रकांत आलेलं आहे.

गेल्या आठवड्यात गावचा एक माणूस रातोरात सरहद्द ओलांडून आमच्या कॅम्पात आला. जेवण झाल्यावर म्हणाला, तुझ्या मायनं सांगावा दिलाय. त्या पाचांतल्याच एका मादीच्या पोटची हंसीण यंदा आमच्या गोठ्यात, त्याच कोपऱ्यात, अंड्यावर बसलीय. कवडशात धरून पाहिलं, समद्यांत जीव हाय. घाई करू नको म्हनाली, जपून राहा म्हनाली. पण जमलं तर पिल्लं पाण्यात उतरायच्या आत ये.

पिल्लं पाण्यात उतरायला फार दिवस लागत नाहीत. हे तिला माहीत आहे.